बोटभर बर्फाची वाट

ऑक्टोबर सरत आला, घड्याळं एक तास मागे घेतली गेली, की दक्षिण इंग्लंडमधली काही माणसं सायबेरियाबद्दल बोलायला लागतात. एरवी ही माणसं अगदी साधी. कुणी शाळेत भूगोल शिकवतं, कुणी बस चालवतं, कुणी निवृत्त होऊन परसात टोमॅटो लावतं. उन्हाळाभर त्यांच्या तोंडी क्रिकेट आणि गोगलगायी. नोव्हेंबर लागला की विषय बदलतो. सायबेरियात यंदा बर्फ लवकर पसरला का? उत्तर ध्रुवावरच्या भोवऱ्याची तब्येत कशी आहे? प्रशांत महासागरात एल निनो आहे की ला निना? ऐकणाऱ्याला वाटावं, ही मंडळी दर्यावर्दी तरी असतील किंवा गव्हाचे सट्टेवाले. तसं काही नसतं. अर्ध्या पृथ्वीची ही चौकशी एवढ्यासाठीच चाललेली असते, की आपल्या घरामागच्या हिरवळीवर यंदा चार बोटं बर्फ पडणार का.

आपल्या घरामागच्या, ही अट महत्त्वाची. देशात इतरत्र पडलेला बर्फ यांच्या हिशेबात नसतो. स्कॉटलंडच्या डोंगरांत तो पडतोच, त्याचं कुणाला कौतुक नाही. शेजारच्या गावात पडला आणि आपल्याकडे नुसतीच भुरभुर झाली, तर मात्र ते दुःख वर्षानुवर्षं पुरतं. आमच्या पलीकडच्या घरातले निवृत्त गृहस्थ बारा मैलांवरच्या एका गावाचं नाव आजही घेत नाहीत. तिथे कधीतरी वीतभर बर्फ पडला होता आणि इथे, त्यांच्याच शब्दांत, थंड पाऊस. 'थंड पाऊस' ही या लोकांची सगळ्यात जहाल शिवी आहे.

आमचं गाव रेडिंग. लंडनहून पश्चिमेला जाणाऱ्या वेगवान गाडीनं अर्ध्या तासावर. एके काळी बिस्किटांसाठी प्रसिद्ध होतं, आता हवामानासाठी आहे. विद्यापीठात हवामानशास्त्राचा नावाजलेला विभाग आहे, आणि १९७९ साली गावाच्या दक्षिणेला शिनफिल्डमध्ये युरोपातल्या देशांनी मिळून मध्यम पल्ल्याच्या अंदाजांचं केंद्र थाटलं. पावसाळ्यात पुण्यामुंबईतले हौशी लोक 'युरोपियन मॉडेल काय म्हणतंय?' असं एकमेकांना विचारतात, तेव्हा ते नकळत आमच्याच गावची आठवण काढत असतात. केंद्राचा महासंगणक आता इटलीत, बोलोन्याला गेला आहे. पण मान आमचाच. जगाला पुढच्या पंधरा दिवसांची हवा सांगणाऱ्या या गावावरच बर्फ पडायची वेळ आली, की ढग बगल देऊन निघून जातात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

नकाशावर पाहिलं तर हे अन्यायाचंच वाटतं. रेडिंग साडेएक्कावन्न अक्षांशाच्या जवळ आहे. कॅनडातलं कॅलगरी आणि सायबेरियातलं इर्कुट्स्क याच पट्ट्यात येतात, आणि तिथे बर्फाची वाट पाहावी लागत नाही, तो कधी जाईल याची पाहावी लागते. पण ब्रिटनच्या पश्चिमेला अटलांटिक महासागर पसरला आहे आणि हिवाळाभर वारा बहुतेक तिकडूनच येतो. दमट, कोमट, करडा वारा. त्यामुळे इथला जानेवारी म्हणजे महिनाभर न सुकलेला टॉवेल.

बर्फ हवा असेल तर ही सगळी व्यवस्था उलटावी लागते. ग्रीनलंडवर नाहीतर स्कँडिनेव्हियावर जास्त दाबानं ठाण मांडायचं आणि अटलांटिकची वाट अडवायची. मग पूर्वेकडून, रशियातून, कोरडा बोचरा वारा सुटायचा. त्यानं उत्तर समुद्रावरून येताना थोडी वाफ उचलायची, पण जास्त रेंगाळायचं नाही, कारण समुद्र त्याला ऊबही देतो. किंवा मग या थंड हवेवर नैर्ऋत्येकडून एखादा ओला कमी दाब चालून यायला हवा. तो जरा उत्तरेला सरकला तर सोबत ऊब घेऊन येतो आणि पाऊस पडतो. जरा दक्षिणेला राहिला तर बर्फ फ्रान्सवाल्यांना. मधली जी अरुंद पट्टी उरते तिच्यात आपलं परस यायला हवं. आणि एवढं जमून आलं तरी इंग्लंडमधला दांडगा बर्फ पडतो तो बहुधा शून्य ते दोन अंशांच्या मध्ये. म्हणजे सगळा खेळ काठावरचा. दोन अंशांत हवा कोरडी असेल तर पडणाऱ्या कणांतला काही भाग वाटेतच उडून जातो, त्यात हवेतली उष्णता खर्च होते, हवा गारठते आणि उरलेला बर्फ जमिनीपर्यंत पोचतो. हवा दमट असेल तर त्याच दोन अंशांत पाऊस. म्हणून इथला खरा जाणकार तापमान विचारत नाही, दवबिंदू विचारतो. शेजाऱ्यांच्या तोंडी डिसेंबरात 'गुड मॉर्निंग'च्या आधी दवबिंदू असतो.

या मंडळींचा दिवस संगणकाच्या नकाशांवर चालतो. अमेरिकेचं मॉडेल दिवसातून चारदा नवे नकाशे काढतं. इथल्या घड्याळाप्रमाणे पहाटे चारच्या सुमारास, सकाळी दहाला, दुपारी चारला आणि रात्री दहाला. युरोपियन मॉडेलचे मोठे नकाशे सकाळी आणि संध्याकाळी. पंढरपुरात काकडआरतीपासून शेजारतीपर्यंत देवाचे उपचार चालावेत, तसे थंडीत या माणसांचे प्रहर ठरलेले असतात. पहाटेच्या नकाशाला उठणारे वेगळे, ते खरे निष्ठावंत. रात्री दहाच्या नकाशांना इथले लोक 'पब रन' म्हणतात. एक तर ते लोक पबमध्ये असतात तेव्हा येतात, आणि दुसरं म्हणजे नकाशाच जरा घेऊन आल्यासारखा वागतो. दुपारी चारला जो कमी दाब शहाण्यासारखा फ्रान्सकडे चालला होता, तो रात्री दहाला अचानक वळून थेम्सच्या खोऱ्यावर फूटभर बर्फ टाकतो. सगळे आनंदात झोपतात. सकाळच्या नकाशात पुन्हा थंड पाऊस.

पाचसहा दिवसांच्या पलीकडचे नकाशे भरवशाचे नसतात, हे यांना कुणी सांगायला नको. त्या पलीकडच्या प्रदेशाला त्यांनीच 'फँटसी आयलंड' असं नाव ठेवलं आहे. तरी सगळे राहायला तिथेच. पुढच्या चोवीस तासांत ढगाळ, नऊ अंश, हे कळल्यावर माणसानं दुसरं कुठे जायचं? दहा दिवसांनंतरच्या नकाशावर मात्र रशियापासून आयर्लंडपर्यंत जांभळा रंग पसरलेला असतो, आणि जांभळा म्हणजे थंडी. रोज तो जांभळा दहा दिवसांवरच राहतो. नऊवर येत नाही. पण उद्या येईल.

याहून वरच्या पायरीवर गेलेले लोक तर ढगांकडेही पाहत नाहीत. ते तीस किलोमीटर उंचीवरच्या हवेवर नजर ठेवून असतात. तिथे, ध्रुवाभोवती, थंडीत जोरदार वारा फिरत असतो. कधीकधी खालून उठलेल्या लाटा त्या भोवऱ्यावर आदळतात, भोवरा कोलमडतो किंवा दुभंगतो, आणि वरची हवा काही दिवसांत चाळीस-पन्नास अंशांनी तापते. रिशार्ड शेरहाग या जर्मन शास्त्रज्ञानं १९५२ मध्ये बर्लिनमध्ये फुगे सोडून हे पहिल्यांदा टिपलं. वरची ही घडामोड पुढच्या दोनतीन आठवड्यांत खाली उतरली तर पश्चिमेचा वारा ढिला पडतो आणि युरोपात थंडी येते. उतरली तर. २०१८ च्या फेब्रुवारीत उतरली. महिन्याच्या मध्याला भोवरा फुटला आणि महिनाअखेरीस पूर्वेकडून आलेल्या हवेनं सगळं ब्रिटन गारठलं. वर्तमानपत्रांनी त्या थंडीला 'पूर्वेचं श्वापद' म्हटलं, आणि मार्च उजाडताना दक्षिणेकडून आलेलं एमा वादळ तिच्यावर येऊन धडकलं. बर्फासाठी लाल इशारे निघाले, लोक गाड्यांमध्ये रात्रभर अडकले. बर्फप्रेमी अजून त्या दिवसांबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

हे शास्त्र मी फोनवर वडिलांना, आप्पांना, समजावून सांगायचा प्रयत्न केला. आमचे आप्पा माण तालुक्यातले, म्हसवडच्या बाजूचे. शेती कोरडवाहू. सह्याद्रीनं ज्यांच्या वाट्याचा पाऊस वाटेतच काढून घेतला त्या गावांपैकी एक आमचं. महाबळेश्वर आणि आम्ही एकाच सातारा जिल्ह्यातले, तिथे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि आमच्याकडे त्याचा दहावा हिस्सा पडला तरी वर्ष चांगलं म्हणायचं. आप्पांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "अगं, वर तापलं म्हणून खाली गारठा? बरं. आणि हे सगळं त्यांना पंधरा दिवस आधी कळतं?" म्हटलं, कळतं, पण नक्की नाही. "मग आपल्या पंचांगाचं काय वाईट होतं?" असं म्हणून त्यांनी मृगाचं वाहन काय आहे ते मला ऐकवलं.

आप्पांचा हा टोमणा मला वाटला तितका वाकडा नव्हता. वाट पाहणारी माणसं सगळीकडे सारखीच खुणा शोधतात. आमच्याकडे बेडूक, म्हैस, हत्ती हे वाहन असलं की आनंद, कोल्हा असलं की चेहरे उतरलेले. कावळ्यानं घरटं किती उंचावर बांधलं ते पाहायचं. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, आणि दुसऱ्या दिवशी तिथून निघालेलं भाकीत वर्तमानपत्रं छापतात. इथे हॉली नावाच्या झुडपाला लाल फळं भरपूर लगडली की हिवाळा कडक, असं म्हणतात. पण फळं किती लागली हे गेल्या वसंतातल्या हवेवर ठरलेलं असतं, येणाऱ्या हिवाळ्याची झुडपाला काही खबर नसते. शेजाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे. तरी ते हॉलीखाली उभे राहून फळं निरखतात आणि कुणी पाहिलं तर पक्षी बघत होतो म्हणतात. शिवाय दर ऑक्टोबरात कुठल्या ना कुठल्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर 'शतकातला सर्वांत भयंकर हिवाळा येतोय' हा मथळा असतो. ती आमची इथली घटमांडणी, फक्त तिच्यात धान्य नसतं.

एक फरक मात्र आहे, आणि मला तो इथे आल्यापासून छळतो. आप्पा पावसाची वाट पाहतात त्यात पोट आहे, सोसायटीचं कर्ज आहे, जनावरांचा चारा आहे. जूनमध्ये आभाळाकडे पाहणाऱ्या माणसाची थट्टा करायचा कुणाला धीर होत नाही. इथल्या माणसाला बर्फ पडून काय मिळतं? काही नाही. उलट गाडी निघत नाही, नळ गोठतात, गॅसचं बिल वाढतं. गरज नसलेल्या गोष्टीची इतकी मनापासून वाट पाहणारी माणसं मी आधी पाहिली नव्हती. सुरुवातीला मला हा सुखवस्तूंचा चाळा वाटे. आता वाटतं, ज्यात काही मिळवायचंच नाही अशी वाट पाहायला मिळणं हीच यांची श्रीमंती. हरले तरी कुणी उपाशी राहत नाही, म्हणून तर ते इतक्या आनंदानं हरू शकतात. दर वर्षी.

या देशानं बर्फाची हौस एका पुस्तकातून घेतली आहे, असं काही जाणते सांगतात. चार्ल्स डिकन्सचं लहानपण एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं, ते दशक इंग्लंडमध्ये विलक्षण थंड होतं. त्यानं १८४३ मध्ये 'अ ख्रिसमस कॅरल' लिहिलं आणि नाताळ म्हणजे बर्फ हे समीकरण लोकांच्या मनात घट्ट बसलं. भेटकार्डांवर अजूनही चर्च, रॉबिन पक्षी आणि बर्फ. प्रत्यक्षात २५ डिसेंबर हा दक्षिण इंग्लंडमध्ये बर्फाचा दिवसच नव्हे. जानेवारी-फेब्रुवारीत शक्यता जास्त, मार्चमध्येसुद्धा जास्त. त्यात १७५२ साली ब्रिटननं कॅलेंडर बदललं, अकरा दिवस गाळले आणि नाताळ होता त्याहून उबदार जागी आणून ठेवला. आमच्या शेजाऱ्यांचा तेव्हाच्या पार्लमेंटवर राग आहे.

यावर ब्रिटिश हवामान खात्यानं उदार तोडगा काढला. २५ डिसेंबरच्या चोवीस तासांत देशात कुठेही एक कण पडताना अधिकृत निरीक्षकानं पाहिला, की तो 'पांढरा नाताळ'. एक कण. मग तो शेटलंड बेटांवर का पडेना. सट्टेबाजांनाही हा निकष सोयीचा, कारण पांढऱ्या नाताळावर इथे पैसे लावतात. पण खरोखर जमीन पांढरी झाली, देशातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक केंद्रांवर सकाळी नऊला बर्फ पसरलेला दिसला, असं १९६० नंतर केवळ चारदा घडलं: १९८१, १९९५, २००९, २०१०. शेवटच्या वेळी तर ८३ टक्के केंद्रं पांढरी होती. ही चार सालं शेजारी आपल्या मुलांच्या जन्मसालांआधी सांगतात.

त्यांचं खरं दैवत मात्र १९६३. तेव्हा ते शाळकरी होते. १९६२ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू झाला आणि पुष्कळ ठिकाणी मार्च उजाडेपर्यंत हलला नाही. मध्य इंग्लंडचं तापमान १६५९ पासून महिनावार नोंदलेलं आहे, जगातली ती सर्वांत लांब नोंदवही. गॉर्डन मॅनली नावाच्या हवामानशास्त्रज्ञानं जुन्या रोजनिशा आणि दप्तरं धुंडाळून ती जुळवली. त्या वहीत १९६३ च्या जानेवारीची सरासरी शून्याखाली २.१ अंश आहे. केंटच्या किनाऱ्याला समुद्र गोठला. फुटबॉलचे सामने आठवडेच्या आठवडे रद्द झाले. आता सामने नाहीत तर निकालांवर पैज लावणाऱ्या लाखो लोकांनी करायचं काय? तेव्हा चार जुने खेळाडू आणि एक पंच यांना एका खोलीत बसवून, सामना झाला असता तर काय निकाल लागला असता हे ठरवायला सांगितलं. त्यांनी गंभीरपणे ठरवलं, लोकांनी मान्य केलं आणि पैसे वाटले गेले. न झालेल्या सामन्यांचे निकाल लावणारा देश न पडलेल्या बर्फाची चर्चा करतो, यात नवल ते काय.

१९४७ चं नाव शेजारी जरा कमी घेतात. त्या वर्षी २२ जानेवारी ते १७ मार्च देशात कुठे ना कुठे रोज बर्फ पडत होता. पण युद्ध नुकतंच संपलेलं, कोळशाची टंचाई, वीज तासनतास बंद, डोंगरांतल्या मेंढ्या बर्फाखाली मेल्या आणि वितळल्यावर महापूर आले. आमची थेम्सही तेव्हा घराघरांत शिरली होती. या माणसांना हे कळतं. म्हातारी माणसं घसरून मनगटं मोडतात, एकट्यादुकट्या घरात गारठतात, हेही कळतं. म्हणून ते मोठ्यानं बर्फ मागत नाहीत. "पडलाच तर शनिवारी पडावा," असं म्हणतात. आणि शुक्रवारी रात्री पलीकडच्या ऐंशी वर्षांच्या बाईंच्या दारापुढे मीठ टाकून येतात.

मिठावरून आठवलं. रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या गाड्यांना स्कॉटलंडमध्ये नावं ठेवलेली आहेत, सर वॉल्टर स्कॉटच्या चालीवर एका मिठाच्या गाडीचं नाव 'सर सॉल्टर स्कॉट'. दक्षिणेत एवढी तयारी नसते. त्यामुळे इथे बर्फ पडला रे पडला की सगळं ठप्प होतं. १९९१ च्या फेब्रुवारीत तर रेल्वेनं बर्फ काढायची जय्यत तयारी केली होती आणि तरी गाड्या बंद पडल्या. पडलेला बर्फ भुकटीसारखा बारीक आणि कोरडा होता, तो इंजिनांच्या मोटारींत शिरला. 'चुकीच्या प्रकारचा बर्फ' हे रेल्वेचं स्पष्टीकरण म्हणून अजरामर झालं. लोक त्याला हसतात. शेजारी हसत नाहीत. त्यांच्या मते कोरडा बर्फ हाच उत्तम प्रकार, आणि तो पडला असताना रेल्वेची चौकशी करणं असभ्यपणाचं होतं. २००९ च्या २ फेब्रुवारीला लंडनच्या झाडून सगळ्या बस बंद होत्या. बॉम्ब पडत असतानाही धावल्या होत्या म्हणतात, बोटभर बर्फानं थांबल्या.

आपल्याकडचा बर्फ म्हणजे महाबळेश्वरचा. डिसेंबर-जानेवारीत आप्पा न चुकता बातमीचा फोटो पाठवतात: 'वेण्णा तलाव परिसरात हिमकण'. गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, बोटी लावायच्या फळ्यांवर पांढरा थर, आणि तो नखानं खरवडून फोटो काढणारे पुण्याचे पर्यटक. मी हा फोटो शेजाऱ्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि हळुवारपणे म्हणाले, हे गोठलेलं दव आहे. ते खरंच. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आभाळाला देऊन टाकते, गारठलेली जड हवा उतारावरून घरंगळत तलावाच्या खोलगट जागेत साठते, आणि गावात सहासात अंश असताना तिथल्या गवतावर शून्य होतं. पडत काहीच नाही. पण वर्षातून दोनतीन पहाटे ते दिसतं म्हणून साताऱ्याहून साडेतीनला गाडी काढणारी माणसं मला माहीत आहेत. शेजाऱ्यांना हे सांगितल्यावर त्यांना महाबळेश्वरबद्दल आपुलकी वाटायला लागली. "आणि दवबिंदू किती असतो तिथे?" त्यांनी विचारलं.

मग कधीतरी, तीनचार हिवाळ्यांत एखादी, ती रात्र येते. जांभळा रंग दहावरून नऊवर, सातवर, तीनवर सरकत येतो. सगळी मॉडेल्स एकमताची होतात, तेव्हा मंडळी आणखीच धास्तावतात. आता फक्त बिघडायचंच शिल्लक असतं. संध्याकाळपासून गल्लीतल्या खिडक्यांचे पडदे किलकिले. सगळ्यांची नजर रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाकडे, कारण अंधारात पडायला लागलेला पहिला कण दिव्याच्या उजेडातच दिसतो. पूर्वीचे नारिंगी दिवे यासाठी छान होते. आता पांढरे एलईडी आले आहेत, वीज वाचते पण त्या उजेडात बर्फ आणि रिमझिम यांतला फरक चटकन कळत नाही, अशी तक्रार आहे. पहिल्यांदा पाऊसच येतो. मग पावसाचे थेंब जरा हळू पडल्यासारखे वाटतात. मग एखादा थेंब वाऱ्याबरोबर तिरका जातो. थेंब तिरका जाऊन परत वर येत नाही, कण येतो. समोरच्या खिडकीतला माणूस हात वर करतो. मीही करते. रात्री दोन वाजता, रात्रीच्या कपड्यांत, एरवी वर्षभर नुसती मान हलवणारी अख्खी गल्ली एकमेकांना हात करत असते.

सकाळी मुलांच्या शाळा बंद. घसरगाडी इथे कुणाकडेच नसते, त्यामुळे जेवणाचे ट्रे, कचऱ्याच्या डब्यांची झाकणं, एकानं तर इस्त्रीचं टेबल आणलेलं. शेजारी मात्र खेळायला येत नाहीत. ते परसात पांढऱ्या फळीवर पट्टी उभी धरून वाकलेले असतात. मोजायची फळी आदल्या संध्याकाळीच मांडून ठेवलेली असते. गवतावर मोजलेलं खरं नव्हे, पात्यांमुळे बर्फ फुगून दिसतो. नऊ सेंटिमीटर. पुन्हा मोजतात. नऊ. दुपारी एकपर्यंत छपरांवरून गळायला लागतं, तीनला रस्त्यावर तपकिरी चिखल. आणि तोपर्यंत ही मंडळी कुठे असतात? पुन्हा नकाशांवर. आता थंडी मोडणार कधी, अटलांटिक परत कधी येणार, आणि त्यानंतर, दहा दिवसांनी, तो जांभळा रंग पुन्हा दिसतोय का.

मला वाटतं, बर्फ पडलेला दिवस हा त्यांच्या वर्षातला जरा रिकामाच दिवस असतो. पडून गेलेल्या बर्फाबद्दल बोलायला कितीसं असतं? नोंदवहीत एक ओळ. न पडलेल्याबद्दल मात्र सहा महिने बोलता येतं. आणि हिवाळे आता उबदार होत चालले आहेत. शेजाऱ्यांच्या वहीत कोऱ्या पानांची संख्या वाढते आहे, हे त्यांनाही दिसतं. त्यावर ते फारसं बोलत नाहीत. फक्त हॉलीखाली जास्त वेळ उभे राहतात.

त्या संध्याकाळी आप्पांना फोन केला. बर्फ पडला म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "मंडळात किती?" म्हटलं, नऊ सेंटिमीटर. पलीकडे जरा शांतता. मग हिशेबी आवाज: "ते फुगलेलं माप झालं. वितळल्यावर पाणी किती?" मी अंदाजानं सांगितलं, दहाला एक धरतात, म्हणजे नऊ मिलिमीटर होईल. आप्पा हसले. "एवढ्यासाठी शाळा बंद? आमच्याकडं पंच्याहत्तर-शंभर झाल्याशिवाय वाफसा येत नाही, पेरायचं म्हणत नाहीत."

हे मी शेजाऱ्यांना सांगितलं. त्यांना हसू आलं नाही, उलट ते अस्वस्थ झाले. इतक्या वर्षांत त्यांनी खोली मोजली होती, पाणी कधी मोजलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक. हातात पर्जन्यमापकाची काचनळी. फळीवरचा बर्फ त्यांनी नीट गोल कापून, स्वयंपाकघरात वितळवून मोजला होता. बर्फ ओला निघाला होता, पाणी अकरा मिलिमीटर भरलं. "नऊ नाही, अकरा. तुझ्या वडिलांना सांग," ते म्हणाले. मी तिथेच उभ्या उभ्या फोन लावला. आप्पा रानात होते, वारा घोंघावत होता, दोनदा सांगावं लागलं.

"अकरा?" आप्पा म्हणाले. "मग शाळूला चांगलाच झाला की."